पेट्रोलवरून विजेवर बदललेल्या गाडीचा लिथियम पॅक वर्षानुवर्षे टिकवायचा कसा? सातारा-सांगलीचे ऊन, घाट आणि पूर धरून

चांगल्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलच्या माहितीपत्रकावर दोन हजारांपासून सहा हजारांपर्यंत आवर्तने, म्हणजे पूर्ण भरून रिकामे होण्याचे फेरे, लिहिलेली असतात. कमीत कमी आकडा धरू. एका चार्जमध्ये ९० किलोमीटर जाणारी जुनी छोटी गाडी दोन हजार आवर्तनांत १,८०,००० किलोमीटर जाते. रोज तासगाव ते सांगली ये-जा करणाऱ्याला हा पॅक दहा-बारा वर्षे पुरायला हवा. तरी हातांनी बांधलेले पॅक त्याच्या कितीतरी आधी कुरकुरू लागतात. उघडून पाहिले तर बहुतेक सेल धडधाकट निघतात आणि एखाददुसराच गेलेला असतो. सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यांत दुबळा सेल रिकामा झाला की बाकीच्यांत वीज असूनही गाडी थांबते. म्हणून पॅक टिकवायचा म्हणजे तो दुबळा सेल वेळेत ओळखायचा आणि त्याला सांभाळायचे. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

उदाहरणासाठी एकच पॅक डोळ्यांसमोर ठेवू: १५० अँपिअर-तासांचे ३० एलएफपी सेल, एकूण ९६ व्होल्ट, १४.४ युनिट साठवण. छोट्या हॅचबॅकला किलोमीटरमागे साधारण १०० ते १३० वॅट-तास लागतात.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतला असा बदल आरटीओच्या नोंदीशिवाय करता येत नाही. किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे मान्यताप्राप्त असावे लागते आणि ते अधिकृत माणसाकडूनच बसवून आरसीवर इंधनाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. एमएच-११ असो वा एमएच-१०, हे चुकत नाही. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा हात वर करतो. किटच्या पॅकमध्ये फेरबदल करायचा असेल तर आधी किट देणाऱ्याशी आणि आरटीओशी बोला. पॅक सीलबंद आणि वॉरंटीत असेल तर तो उघडू नका. अशा गाडीसाठी या लेखातला वापराचा आणि नोंदीचा भाग पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट जिवाची. ६० व्होल्टच्या वरचा डीसी धोकादायक धरतात आणि आपला पॅक ९६ चा आहे. डीसीची ठिणगी एकदा पेटली की एसीसारखी आपसूक विझत नाही, म्हणून घरातला साधा एमसीबी इथे चालत नाही. फ्यूज, काँटॅक्टर (विजेने उघडबंद होणारा मोठा स्विच), साधा स्विच सगळे डीसीचे रेटिंग असलेलेच हवेत. पॅकवर हात घालण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी काढा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. मधला सर्व्हिस प्लग काढून पॅकचे दोन तुकडे केल्याशिवाय नट सैल करू नका. सवय नसेल तर जाणकार वायरमन सोबत घ्या, एकट्याने काम करू नका.

पहिली पायरी: सेल घेताना

गाडीसाठी एलएफपीच घ्या. निकेलवाल्या सेलमध्ये त्याच वजनात जास्त वीज मावते हे खरे, पण त्या तापल्या तर लवकर आणि जोरात पेटतात. स्कूटरच्या भंगार पॅकमधले १८६५० नावाचे छोटे नळीसारखे सेल काढून स्पॉट वेल्डिंगने जोडलेला पॅक स्वस्त पडतो. चार माणसे बसतात त्या गाडीत तो मी कधीच सुचवणार नाही. शेकडो जोड, प्रत्येक सेलचा इतिहास वेगळा, आणि दुबळा सेल शोधायची काही सोयच नाही.

प्रिझमॅटिक (चौकोनी डब्याचे) सेल आले की एकेक तपासा. क्यूआर कोडवरून बनवल्याची तारीख पाहा. वजन करा, पोट फुगलेले नाही ना हे सपाट पट्टी लावून बघा. एक किलोहर्ट्झवर मोजणाऱ्या मिलिओहम मीटरने अंतर्गत रोध घ्या. मग प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरून ४०-५० अँपिअरने २.५ पर्यंत रिकामा करा आणि किती अँपिअर-तास निघाले ते लिहा. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात दिवस जातात, पण टाळू नका. तीस सेलमध्ये एक सेल १३८ चा आणि बाकीचे १५२ चे असतील तर तुमचा पॅक १३८ चा. असा सेल आला तसा परत करा. पॅकमध्ये बसल्यावर विक्रेता ऐकत नाही. दोन-तीन जादा सेल सुरुवातीलाच त्याच लॉटमधून घेऊन ठेवले तर पुढे फार उपयोगी पडतात.

दुसरी पायरी: बांधणी

इथे घाई करू नका. आपल्या जिल्ह्यांतले रस्ते लक्षात घ्या. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी फोडलेल्या रस्त्यावर रोज तासभर जाणारी गाडी म्हणजे पॅकला रोज तासभर हादरे.

सेल चार्ज होताना किंचित फुगतात आणि रिकामे होताना आक्रसतात. त्यांना मोकळे सोडले तर आतले थर सुटे होत जातात, आणि फार आवळले तरी नुकसानच. दोन्ही टोकांना जाड प्लेट आणि चार थ्रेडेड रॉड लावून बेताचा दाब द्या. मोठ्या सेलच्या माहितीपत्रकात तो बहुधा ३०० किलोच्या आसपास सांगितलेला असतो. थोडी स्प्रिंग किंवा दाबाचा फोम मध्ये असला की फुगणे-आक्रसणे सामावले जाते. अशा प्लेटा कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतला कोणताही चांगला फॅब्रिकेटर एका दिवसात करून देतो. नदीकाठच्या या पट्ट्यात एवढे कसबी हात आहेत की बाहेरून काही मागवायची गरज पडत नाही.

दोन सेलच्या मध्ये ग्लास-इपॉक्सीचा पातळ पत्रा घालाच. सेलवरचे निळे प्लास्टिक म्हणजे पूर्ण इन्सुलेशन नव्हे. हादऱ्यांनी ते घासून फाटते आणि आतल्या ॲल्युमिनियमच्या डब्यांचा एकमेकांशी शॉर्ट होतो.

आता जोड. गाडीतल्या पॅकचा सगळ्यांत दुर्लक्षित भाग हाच. टर्मिनल ॲल्युमिनियमचे असते आणि त्यावर हवेतच ऑक्साइडचा थर चढतो. बारीक वायर ब्रशने टर्मिनल घासा, लगेच जोडाची पेस्ट अगदी पातळ लावा, कलई किंवा निकेल चढवलेला तांब्याचा बसबार ठेवा, स्प्रिंग वॉशर टाका आणि टॉर्क रेंचने सेलच्या कागदावरच्या आकड्यापर्यंतच आवळा. अंदाजाने आवळलेला नट एक तर सैल राहतो किंवा आटे खातो. बसबार लवचिक किंवा मध्ये कमान दिलेला असावा. ताठ पट्टी हादऱ्याचा सगळा जोर टर्मिनलच्या सीलवर टाकते.

जोड चांगला झाला की नाही हे डोळ्याने कळत नाही, ते मोजावे लागते. गाडी ३० अँपिअरने चार्जिंगला लावा, मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवा, एक पिन सेलच्या टर्मिनलवर आणि दुसरी बसबारवर टेकवा. चांगल्या जोडावर तीनेक मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी दिसतात. तीस दिसले तर त्या जोडाचा रोध एक मिलिओहम आहे. तोच जोड घाटात ९० अँपिअरला आठ वॅट उष्णता सोडेल, म्हणजे सेल स्वतः सोडतो त्याहून जास्त. ती उष्णता टर्मिनलमधून सेलमध्ये उतरते. मग तो सेल लवकर म्हातारा होतो आणि दोष सेलच्या कंपनीला जातो! साठच्या साठ जोड मोजा, लिहून ठेवा, पहिल्या महिन्यानंतर पुन्हा मोजा, पुढे वर्षातून एकदा.

बीएमएस म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवून गरज पडल्यास पॅक तोडणारा बोर्ड; त्याच्या बारीक तारांना प्रत्येकी छोटा फ्यूज द्या, क्रिंप करून लग लावा, आणि बसबारच्या कडेवर घासणार नाहीत अशा बांधा. तारांचा क्रम बीएमएसला जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासा: प्रत्येक पुढच्या तारेवर सव्वातीन व्होल्ट वाढले पाहिजेत. एक तार उलटसुलट झाली तर बोर्ड जळतो. आणि पेटीच्या प्रत्येक भोकाला बारीक जाळी लावा. शेतघराशेजारी उभ्या गाडीत उंदीर शिरणारच.

तिसरी पायरी: सगळे सेल एका पातळीवर आणणे

नवे सेल निरनिराळ्या पातळीवर भरलेले येतात. ते तसेच मालिकेत जोडले तर एक आधी भरतो, एक आधी रिकामा होतो. म्हणून सुरुवातीलाच वरच्या टोकाला समतोल साधावा लागतो. तीसही सेल थेट समांतर जोडून छोट्या पॉवर सप्लायने भरायला बसलात तर ४,५०० अँपिअर-तासांची टाकी दहा अँपिअरच्या नळाने भरण्यात दोन-अडीच आठवडे जातील. आधी बीएमएससह मालिकेत चार्ज करा, पहिला सेल ३.६ ला पोहोचला की थांबा. काही तास विसावू द्या. सगळ्यांतला फरक ०.०५ व्होल्टच्या आत आहे ना बघा, मग मालिका पूर्ण सोडवून समांतर जोडा. सप्लायचा व्होल्टेज सेल न जोडता ३.६ वर लावा, मल्टिमीटरने खात्री करा आणि नंतर व्होल्टेजचा नॉब फिरवू नका. प्रवाह जवळपास शून्यावर आला की काम झाले. समोर बसूनच हे करा, रात्रभर चालू ठेवून झोपू नका.

चौथी पायरी: बीएमएस आणि चार्जरचे आकडे

इथे नियम असा: रोजचे काम चार्जरने करावे, बीएमएसने फक्त शेवटचा पहारा द्यावा. चार्जर सेलमागे ३.४५ व्होल्टवर, म्हणजे एकूण १०३.५ वर थांबवा. एवढ्यात एलएफपी जवळपास पूर्ण भरतो. बीएमएसची वरची मर्यादा ३.६० ते ३.६५ ठेवा. खाली २.९ वर इशारा आणि २.६ च्या सुमारास तोडणे. समतोल करणे ३.४० च्या वरच सुरू व्हावे. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात इतका सपाट असतो की तिथे समतोल साधायला गेलेला बीएमएस भलत्याच सेलमधून वीज काढतो आणि असमतोल वाढवतो.

याच सपाटपणामुळे व्होल्टेज बघून किती टक्के उरले हे सांगता येत नाही. शंट (प्रवाह मोजायची पट्टी) बसवलेला अँपिअर-तास मीटर घ्या. तोही हळूहळू चुकत जातो, म्हणून दोन आठवड्यांतून एकदा पूर्ण चार्ज करून त्याला पुन्हा शंभरावर आणा. त्याच वेळी बीएमएसला समतोल साधायला दोन-तीन तास मिळतात. एरवी रोज ८०-८५ टक्के पुरे.

खेड्यातल्या घरी चार्जर निवडताना कमी दाबावर चालणारा घ्या, आणि १६ अँपिअरच्या सॉकेटला स्वतंत्र वायर व खरेखुरे अर्थिंग करून घ्या. शेतीपंप एकदम सुरू झाले की दाब कसा पडतो हे वेगळे सांगायला नको.

पाचवी पायरी: घाट

वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना बारा-तेरा किलोमीटरमध्ये सुमारे पावणेसहाशे मीटर चढावे लागते. माणसांसह १,०५० किलोच्या गाडीला नुसते वर उचलायला १.६ युनिट लागतात. टायरचा रोध आणि मोटर-कंट्रोलरमधला तोटा धरून तासाला ३५ किलोमीटर वेगाने पॅकमधून तीनेक युनिट जातात, म्हणजे पाचवा हिस्सा, आणि प्रवाह वीसेक मिनिटे ८५ ते ९० अँपिअर राहतो. आपल्या पॅकला हे जड नाही. ६० अँपिअर-तासांच्या सेलचा स्वस्त पॅक असेल तर मात्र हाच प्रवाह त्याच्या क्षमतेच्या दीडपट होतो, आणि तेही वीस मिनिटे सलग. घाटात राहणाऱ्याने सेल मोठे घ्यावेत, हे माझे ठाम मत आहे. चढताना खालच्या गिअरमध्ये, एकसारख्या पायाने चढा. वर पोहोचल्यावर पॅक तापलेला असतो, लगेच चार्जिंगला लावू नका. तापमान ४० च्या खाली येऊ द्या.

उतरताना वेगळाच धोका. पाचगणीला रात्रभर शंभर टक्के चार्ज करून सकाळी उतरायला लागलात तर रीजनची, म्हणजे उतारावर मोटर ब्रेकसारखी वापरून पॅकमध्ये परत येणारी, वीज जायला जागाच नसते. सेल ३.६५ च्या वर जातो, बीएमएस काँटॅक्टर उघडतो आणि वळणावर रीजनचा ब्रेक अचानक नाहीसा होतो. कंट्रोलरलाही झटका बसतो. वर मुक्काम असेल तर ८५-९० टक्क्यांवर थांबवा. हेच यवतेश्वर, खंबाटकी आणि कुंभार्लीला लागू.

सहावी पायरी: ऊन आणि उभी गाडी

तापमान दहा अंशांनी वाढले की सेलच्या आतल्या नको त्या रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालतात, गाडी उभी असली तरीही. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून बरीच तापते. पूर्ण भरलेला पॅक असा उन्हात आठवडेच्या आठवडे ठेवणे हे त्याला मारायचे सगळ्यांत खात्रीचे साधन आहे. झाडाखाली किंवा छपराखाली लावा. मागच्या खिडक्यांना पडदे लावा. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे संपेल असे टायमरवर टाका, निघण्याच्या जरा आधी. थंडीची काळजी आपल्याकडे फारशी नाही. शून्याखाली एलएफपी चार्ज करायचा नसतो, पण महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठते तेव्हाही गाडीच्या पेटीतला पॅक सहसा तितका गार पडत नाही.

उभी गाडी उन्हाइतकीच वाईट. बीएमएस आणि मीटर मिळून ३० मिलिअँपिअर खात असतील तर महिन्याला २१-२२ अँपिअर-तास जातात. वीस टक्के उरलेली गाडी लावून तुम्ही मुंबईला मुलाकडे गेलात तर दीड महिन्यात सगळ्यांत कमी भरलेला सेल शून्याकडे जातो. तिथे सेलच्या आतले तांबे विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट तयार होतो. एक व्होल्टच्या आसपास बरेच दिवस राहिलेला सेल कधीही चार्ज करू नका, तो काढूनच टाकायचा. लांब जायचे असेल तर ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा, सर्व्हिस प्लग काढा, बीएमएसला स्विच असेल तर बंद करा आणि घरातल्या कुणाला तरी महिन्याला एकदा सेलचे व्होल्टेज बघायला शिकवून जा.

सातवी पायरी: पावसाळा आणि पूर

पॅक चेसिसच्या खाली लटकवण्यापेक्षा डिकीत किंवा मागच्या सीटखाली उंच बसवा. पेटी पाण्यासाठी बंद, पण हवेचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलेली हवी आणि त्याचे तोंड गाडीबाहेर असावे. सेल कधी वायू सोडला तर तो माणसे बसतात तिथे येता कामा नये.

जून ते सप्टेंबर दर महिन्याला गळती तपासा. पॅकच्या धन टोकापासून चेसिसपर्यंत व्होल्टेज मोजा, मग ऋण टोकापासून. पॅक चेसिसपासून पूर्ण वेगळा असेल तर मीटरवरचा आकडा घसरत शून्याकडे जातो. एखादा आकडा स्थिर राहिला तर कुठेतरी ओल किंवा खरचटलेली वायर आहे, आणि त्या आकड्यावरून जागाही कळते: ऋण टोकापासून स्थिर ३२ व्होल्ट दिसले तर दहाव्या सेलच्या आसपास शोधा.

पुराचे वेगळे सांगावे लागते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा पन्नाशीच्या पुढे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर अशा भागांत राहत असाल तर पाणी तिशीत असतानाच, कोयनेच्या विसर्गाची बातमी ऐकली की गाडी उंचावर हलवा. पाण्यात बुडालेला पॅक वाळवून वापरायचा नसतो. आत गाळ आणि क्षार राहतात, गंज चढतो आणि काही दिवसांनीही आग लागू शकते. चार्जर लावू नका, किल्ली फिरवू नका, गाडी ढकलून घर, गोठा आणि दुसऱ्या गाड्यांपासून किमान १५ मीटर लांब उघड्यावर ठेवा. धूर किंवा फसफस दिसली तर लांब व्हा आणि अग्निशमन दलाला लिथियम बॅटरी आहे हे स्पष्ट सांगून बोलवा.

आठवी पायरी: वही

शंभर पानी वही पुरते. महिन्यातून एकदा पूर्ण चार्जच्या शेवटी सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा सेल, त्यांचे क्रमांक आणि व्होल्टेज लिहा. मग ठरलेल्या एका चढावर, ठरलेल्या टक्क्यांना, ठरलेल्या प्रवाहाला प्रत्येक सेल किती खाली बसतो ते सोबत्याला बीएमएसच्या ॲपवरून टिपायला सांगा. सेल ३.३० वरून ९० अँपिअरला ३.२४ वर आला तर रोध ०.६७ मिलिओहम. एखाद्याचा आकडा महिन्यागणिक वाढत असेल तर आधी त्याचा जोड तपासा. बहुतेकदा नट किंवा ऑक्साइडच निघतो. जोड चांगला असूनही वाढत असेल तर सेल थकतोय. वर्षातून एकदा, शक्यतो त्याच महिन्यात, पूर्ण भरलेल्या पॅकमधून दहा टक्के उरेपर्यंत किती अँपिअर-तास निघतात ते मोजा.

तोच सेल चार्जिंगला आधी वर आणि चालवताना आधी खाली जात असेल तर त्याची क्षमता घटली आहे, तो बदला. चार्जिंगला नेहमी मागे राहणारा आणि चालवताना आधी संपणारा सेल बहुधा फक्त कमी भरलेला असतो. त्याला एकट्याला वरपर्यंत भरून दोन महिने निरीक्षण करा. पुन्हा मागे पडला तर त्याची स्वतःहून वीज गळते आहे, तोही काढा.

बदली सेल जुन्यांइतका किंवा त्यांच्याहून जास्त क्षमतेचा चालतो. बसवण्यापूर्वी तो पूर्ण भरा आणि पॅकही पूर्ण भरलेला असतानाच बसवा. काढलेला सेल फुगलेला असेल तर टोचू नका, दाबून सपाट करायला जाऊ नका. टर्मिनलवर टेप लावून वाळूच्या बादलीत, घराबाहेर, सावलीत ठेवा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर आहे. सेल देणाऱ्याकडेच किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे तो द्या, गल्लीतल्या भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकू नका. चांगले पण थकलेले सेल गाडीतून काढल्यावर घरच्या इन्व्हर्टरला अजून काही वर्षे देतात. तिथे प्रवाह कमी, हादरे नाहीत. बीएमएस आणि फ्यूज मात्र तिथेही लावायचेच.